धोप्याच्या जागी भोंगाफूल

आंधळगावात पार्वताबाईशी ज्याचं भांडण झालं नाही, असं घर शोधायचं तर गावाच्या बाहेर पडावं लागेल. दूध पातळ आलं तर पाणी काहून घातलं म्हणून ती दूधवाल्याला धरी, आणि घट्ट आलं तर यात काय मिसळलं म्हणून धरी. बावीस वर्षं तिनं अंगणवाडीत मदतनीस म्हणून खिचडी शिजवली. तिच्या हातची खिचडी खाल्लेली पोरं आता मिशीवाली झाली, पण ती समोरून येताना दिसली की अजून पानटपरीच्या मागे सरकतात. नवरा तुलाराम जाऊन बारा वर्षं झाली. तो अबोल होता. लोक म्हणत, बोलायला जागाच कुठं होती बिचाऱ्याला.

पण तिच्या या सगळ्या भांडणांत खरं भांडण एकच. बाकीची नुसती तालीम.

ते होतं जावेशी. धाकटा दीर परसराम, त्याची बायको बेबीबाई, आणि दोन घरांच्या मधोमध खांद्याएवढी विटांची भिंत. नऊ वर्षांपूर्वी परसरामनं नवीन न्हाणी बांधली आणि तिची नाली भिंतीखालून वहिनीच्या बाजूला सोडली. पार्वताबाईनं आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी विनोदच्या, म्हणजे परसरामच्या मुलाच्या साक्षगंधाचे, साखरपुड्याचे, पाहुणे आले, तेव्हा तिनं नालीच्या तोंडात बारदाना कोंबला. व्याही हातपाय धुवायला न्हाणीत गेला आणि घोट्यापर्यंत साबणाच्या पाण्यात उभा राहिला. त्या दिवसापासून दोन्ही जावांचं बोलणं बंद.

बंद म्हणजे एकमेकींशी बंद. आवाज कुठे बंद होणार? बेबीबाई आपल्या बकरीशी बोले आणि पार्वताबाई आपल्या कुंडीशी. भिंतीच्या अल्याडून पल्याड शब्द जायचे, पत्ता तेवढा दुसऱ्याचा असायचा.

"खा वो बाई, पोटभर खा," बेबीबाई बकरीला म्हणायची. "काई लोकाइले दुसऱ्यानं खाल्लेलं पाहवत नाई."

"कुंडे, तू बरी," इकडून उत्तर जायचं. "तुले तोंड नाई देल्लं देवानं."

त्या वेळी तंटामुक्त समितीचा केवळराम येऊन निवाडा करून गेला होता. नाली राहील. जागा पार्वताबाईची. पण त्या ओलीवर जो धोपा उगवतो, तो बेबीबाईच्या घरच्या पाण्यावर उगवतो, तेव्हा सणावारी त्याची पानं तिनं भिंतीवरून हात घालून कापून घ्यावीत, पार्वताबाईनं हरकत घेऊ नये. पश्चिमेकडचे लोक ज्याला अळू म्हणतात तोच हा धोपा. आठ वर्षं दर कान्होबाला, म्हणजे गोकुळाष्टमीच्या सणाला, बेबीबाईचा हात विळा घेऊन भिंतीवरून यायचा, पानं कापायचा आणि जायचा. पार्वताबाईला बाकी बाईपेक्षा तो हात जास्त ओळखीचा झाला होता.

चार वर्षांपूर्वी प्रतिक्षा, तिची मुलगी, नागपुरातल्या नर्सरीतून वर्तमानपत्रात गुंडाळून तीन कंद घेऊन आली. दिसायला आल्याच्या गड्ड्यासारखे. कॅला लिली, म्हणाली. पांढरं फूल येतं, एकच पाकळी, गुंडाळी केल्यासारखी.

"देवाले वाहतात काय?" पार्वताबाईनं विचारलं.

"नाई."

"डोक्यात घालतात?"

"देठ केवढा असते माहीत हाय का, आई? नाई घालत. अन खाऊ बी नाई. अजिबात नाई. तोंडात गेलं का आग होते, ओठ सुजतात."

"मंग कामाचं काय?"

"कामाचं काईच नाई," प्रतिक्षा हसली. "पाह्याचं."

हे मात्र पार्वताबाईच्या मनात बसलं. साठ वर्षांत तिच्या हाताखालून जे जे गेलं, ते कुणाच्या तरी कामाचं होतं. धान, शेण, खिचडी, दुसऱ्यांची लेकरं. ती स्वतःही धरून. कुणाच्याच कामाची नाही अशी वस्तू घरात असावी, हे तिला एकदम पटलं.

पण भंडाऱ्याच्या उन्हाला हे पटायला हवं ना. पहिल्या वर्षी तिनं कंद रंगाच्या रिकाम्या डब्यात लावून गच्चीवर ठेवले, आणि मार्चच्या उन्हानं पानांच्या कडा पापडासारख्या भाजल्या. दुसऱ्या वर्षी कुंडीत लावून सावलीत ठेवले, दोन वेळा पाणी घातलं, तर एक कंद सडला. उरलेल्या दोनांपैकी एकाला माघात एक फूल आलं. एकच. पांढरंशुभ्र, मधून पिवळा दांडा. सगळी गल्ली पाहून गेली. पोरांनी त्याला भोंगाफूल नाव ठेवलं, कारण लग्नाच्या मांडवावर भोंगा असतो तसंच ते दिसायचं. बेबीबाईनं भिंतीपलीकडून बकरीला विचारलं, "भोंगा तं लागला वो, बाई. पण नवरी कोण हाय? म्हातारी?"

फूल तीन आठवडे टिकलं. पार्वताबाई रोज सकाळी चहाची कपबशी घेऊन त्याच्यासमोर बसायची. त्या तीन आठवड्यांत तिनं कुणाशी भांडण केलं नाही, असं गल्लीतले लोक शपथेवर सांगतात.

तिसऱ्या वर्षी तिनं प्रेमानं शेणखताची टोपली ओतली. पानं हाताएवढी झाली आणि फूल एकही नाही. प्रतिक्षानं फोनवर समजावलं, की जास्त खत दिलं की झाड पानंच करत बसतं. उन्हाळ्यात त्याला झोपू दे, पाणी तोड, पानं वाळली तरी उपटू नको. पावसाळ्यात जागं होऊ दे. सकाळचं ऊन पाहिजे, दुपारची सावली, आणि पायाशी कायम ओल. कुंडीत ते जमत नाही.

सकाळचं ऊन, दुपारची सावली, कायम ओल. पार्वताबाईनं अंगणात चारी बाजूंना पाहिलं. तशी जागा आख्ख्या घरात एकच होती. पश्चिमेच्या भिंतीच्या पायथ्याशी, नालीच्या तोंडाजवळ. जिथं धोपा होता.

यंदाच्या जेठात बेबीबाई महिनाभर माहेरी गेली. माहेर गोसीखुर्द धरणाच्या बुडीतातलं, आता नव्या वसाहतीत; तिथं भावाचं आजारपण होतं. त्या महिन्यात पार्वताबाईनं धोपा मुळासकट खणला, टोपल्या भरून उकिरड्यावर टाकला, आणि आळी करून त्या जागी कॅला लावले. दोन कंदांचे तोवर पिलं फुटून सात झाले होते. निवाड्याची तिला आठवण होती. आठवण होती म्हणून तर तिनं बेबीबाई नसतानाचा महिना निवडला.

पाऊस पडला, कोंब वर आले. आखाडीपर्यंत वीतभर झाले आणि कान्होबापर्यंत भिंतीच्या अर्ध्यावर. यंदा फूल येणार, हे तिला पानांच्या देठांवरून कळत होतं. देठ जाड होते, ताठ होते. हिवाळा लागला की सातही आळ्यांत भोंगे, असं ती कुंडीला सांगत असे. कुंडी आता रिकामी होती, पण सवय राहिली होती.

कान्होबाच्या दिवशी दुपारी साडेचारचा सुमार. बारीक झिमझिम चालू होती. पार्वताबाई छपरीत सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती. भिंतीवरून हात आला; बेबीबाईचं तोंड नेहमीसारखं पलीकडे वळलेलं.

हिरव्या बांगड्या, मनगटाला काळा दोरा, मुठीत विळा. हात नेहमीच्या जागी उतरला, चाचपडला, एक देठ मुठीत धरला आणि कापला. पान वर गेलं. मग दुसरं.

पार्वताबाईचं बोट तांदळात थांबलं.

ज्यानं एकदा नीट पाहिलं त्याला फरक कळतोच. धोप्याच्या पानाचा देठ पाठीला मधोमध चिकटलेला असतो, कॅलाचा खाचेच्या टोकाला. धोप्यावर पाणी मोत्यासारखं घरंगळतं, कॅला तेल लावल्यासारखा चमकतो. पण पावसाच्या अंधारात, खांद्याएवढ्या भिंतीवरून, आठ वर्षांच्या सवयीनं येणारा हात काय पाहणार? तो हात जागा ओळखत होता, पान नाही.

तीन. चार. विळा कच् कच् चालला होता.

एक वाक्य पुरलं असतं. तेही जावेशी बोलायची गरज नव्हती. कुंडीला म्हणायचं, 'कुंडे, हा धोपा नाई होय.' बस. भांडणाचा नेम मोडला नसता आणि हात तिथंच थांबला असता. पार्वताबाईनं तोंड उघडलंसुद्धा. पण उघड्या तोंडात आधी आली ती भोंगा-नवरीची गोष्ट, मग बकरीला सांगितलेल्या नऊ वर्षांच्या सगळ्या गोष्टी, आणि तिनं तोंड मिटलं. खा म्हणावं. पाहू दे जिभेची आग कशी असते. घासभर खाईल, थुंकेल, रात्रभर पाणी पिईल.

नऊ पानं गेली. हातही गेला.

तिनं पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. कान्होबाच्या नैवेद्यातली पहिली वडी त्यांच्या घरात कुणाच्या हातावर ठेवतात, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. ती त्याच घरची थोरली सून होती. पहिली वडी घरातल्या सगळ्यात लहान लेकराला. तिच्या प्रतिक्षालाही लहानपणी तशीच दिली होती. पण त्या वेळी ते तिला आठवलं नाही. किंवा आठवलं आणि तिनं ते खड्यासारखं बाजूला काढलं. यावर ती पुढे फार विचार करणार होती.

दिवे लागले, आरतीच्या टाळ्या ऐकू आल्या. मग गुड्डीचं रडणं. विनोदची पोर, साडेचार वर्षांची. आधी लहान मूल रडतं तसं, आणि मग तसं नाही.

भिंतीपलीकडे पहिल्यांदा सगळे चिंच कमी पडली, चिंच कमी पडली म्हणत होते. धोपा खाजवतो, चिंच कमी पडली की घशाला लागतो, हे सगळ्यांना ठाऊक. मग विनोदनं अर्धी वडी तोंडात टाकून पाहिली आणि थुंकली. मग तो भिंतीजवळ येऊन ओरडला, "मोठीमाय! काय लावलं हाय तूनं इथं?"

पार्वताबाई छपरीतून उठून अंगणात आली.

"फूल हाय," ती म्हणाली.

"कायचं फूल?"

तिनं नाव सांगितलं. डॉक्टरला हेच नाव सांग म्हणाली, थंड दूध पाज म्हणाली. विनोद बायको खुशबूला आणि पोरीला मोटारसायकलवर घेऊन मोहाडीच्या दवाखान्यात गेला. गुड्डीचे ओठ फुगले होते, तोंडातून लाळ गळत होती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पोरीला ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. सूज उतरली होती, बोलणं थोडं बोबडं राहिलं होतं.

पण गावातलं बोलणं आता कुठं सुरू झालं होतं. म्हातारीनं विष पेरलं, असं अर्धी गल्ली म्हणत होती. उरलेली अर्धी म्हणत होती, पस्तीस वर्षं वड्या करणाऱ्या बाईला धोपा ओळखू येऊ नये म्हणजे कमाल आहे. विनोद दारात येऊन सांगून गेला, की ती झाडं तिथून निघाली पाहिजेत, नाही तर तो काढेल. पार्वताबाई म्हणाली, हात लावून दाखव. जागा माझी, झाड माझं, तुझ्या आईला मी वाढायला गेली होती काय. ती दोन दिवस आळ्यांजवळ खाट टाकून बसली. सातही झाडं उभी होती. कापलेल्या देठांतून मधल्या नव्या पानाची सुरळी वर येत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी केवळराम आला. पार्वताबाईच्याच अंगणात सतरंजी टाकली. परसराम मान खाली घालून बसला, विनोद उभाच राहिला, बेबीबाई भिंतीला टेकून, मांडीवर गुड्डी. गल्लीतली दहा-बारा माणसं चपला न काढता कडेला.

केवळरामनं निवाड्याची आठवण करून दिली. धोपा काढायचा अधिकार पार्वताबाईला नव्हता. तिनं उत्तर दिलं, की जेठात भरदुपारी काढला, सगळ्या गावानं उकिरड्यावर पाहिला. डोळे असतील त्यानं पाहावं. केवळराम म्हणाला, बेबीबाई तेव्हा गावात नव्हती. पार्वताबाई म्हणाली, आल्यावर होती की. महिनाभर भिंतीवरून एकदा डोकावली असती तर डोळे झिजले असते काय.

लोक हसले. हे हसणं पार्वताबाईला चांगलं ओळखीचं होतं. ते आपल्या बाजूला वळलं की गोष्ट जिंकलीच.

मग केवळरामनं मुद्द्याचं विचारलं. "वहिनी, एकच सांगा. बेबीबाई कापून राह्यली होती तवा तुम्ही पाह्यलं काय?"

"मी तांदूळ निवडून राह्यली होती," ती म्हणाली. ते खोटं नव्हतं.

केवळरामनं मान डोलावली. मग यात कुणाचाच हेतू नाही, तो म्हणाला. एक चुकीनं लावते, एक चुकीनं कापते. भिंतीवर हातभर जाळी लावा, झाडं राहू द्या. बेबीबाईला धोप्यासाठी दुसरीकडे जागा दाखवू. कडेच्या एकानं दात कोरत म्हटलं, की जाळीपेक्षा बेबीबाईला चष्मा लावा, स्वस्तात होईल. पुन्हा हसू. खुशबू पदर सावरत म्हणाली, की आता सासूबाईंनी चुलीजवळ यायचंच नाही, मी माझ्या पोरीचं मी करीन. विनोद आपल्या आईकडे न पाहता म्हणाला, "आईले आता समजत नाई."

बेबीबाई काहीच बोलली नाही. परसरामला नाही, विनोदला नाही, बकरीलासुद्धा नाही. तिनं आपला उजवा हात उलटा करून मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिली, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. "माह्याच हातानं खिलवली," एवढंच ती पुटपुटली.

पार्वताबाईनं ते पाहिलं आणि तिला संताप आला. नऊ वर्षं या बाईला खाली पाहायला लावायचं म्हणून ती झिजली होती. रोजचं नवं वाक्य घासूनपुसून ठेवलं होतं. आणि आता बेबीबाई खाली पाहत होती ती कुणामुळे? दात कोरणाऱ्यामुळे. कालच्या आलेल्या सुनेमुळे. आपल्या हातावर आपलाच भरवसा उडाल्यामुळे. तो हात चुकला नव्हता. तो हात जागेवर बरोबर आला होता. तिनं स्वतः पाहिला होता.

"समजते तिले," पार्वताबाई म्हणाली.

केवळराम उठायच्या तयारीत होता, तो थांबला.

"सगळं समजते तिले. धोपा होता तिथंच हात आला. मीनं पाह्यला." ती केवळरामशी बोलत नव्हती. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती समोर बसलेल्या बाईकडे बघून बोलत होती. "नऊ पानं कापली तूनं, बेबे. मीनं मोजली. खाऊ नये हे मले मालूम होतं. मी बसली राह्यली."

कुणी हसलं नाही. दात कोरणाऱ्याची काडी तोंडातच राहिली. केवळराम म्हणाला, वहिनी, आताच तं तुम्ही... खुशबूनं सासूच्या मांडीवरून गुड्डीला उचललं आणि कडेवर घेऊन चार पावलं मागे गेली, जणू अंगणच विषारी आहे. परसरामनं पहिल्यांदा मान वर केली. "वहिनी," तो म्हणाला, "पहिली वडी कोणाच्या हातावर देतात आपल्याकडे?"



केवळरामनं जुन्या निवाड्याचा कागद घडी करून खिशात घातला. आता निवाडा कसला, तो म्हणाला, झाडं काढा. विनोद आधीच फावडं आणायला गेला होता. तो आला तेव्हा पार्वताबाई वाटेत उभी राहील असं सगळ्यांना वाटलं, आणि काही जण त्यासाठीच थांबले होते. ती बाजूला सरकली.

पहिलं फावडं पडलं. एक झाड मुळाशी कापलं गेलं, जाड देठ मोडून पांढरट चीक वाहिला. विनोदनं ते उचलायला उघडा हात पुढे केला.

"चीक हाताले लागू देऊ नको," पार्वताबाई म्हणाली. "दुपट्टा गुंडाळ. आग होते."

विनोदनं हात मागे घेतला. बेबीबाई भिंतीचा आधार घेत उठली. ती पार्वताबाईच्या इतकी जवळ येऊन उभी राहिली की दोघींच्या मधे कुंडीही मावली नसती.

"हे त्या दिवशी बोलली असती," ती म्हणाली, "तं जीभ झडली असती काय तुई?"

"झडली असती."

"मंग झडू द्याची होती."

आणि आळ्यांकडे बोट करून तिनं विनोदला सांगितलं, की नुसती पानं नको कापू, खोल खण, एक पिलू बी जमिनीत राहता कामा नये.